नानांचे टायर, माझा कोळसा

मित्रांनो, सकाळपासून कामात मन नाही, म्हणून लिहितोय.

मी सुरतला कपड्याच्या मिलमध्ये बॉयलरवर कोळसा टाकतो. घरी पिंपळगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. यंदा अवकाळी पावसानं अर्धी गेली. राहिलेले मणी थंडीनं तडकू नयेत म्हणून वडील, आमचे नाना, पहाटे बागेत धूर करतात. उसाचं वाळलेलं पाचट जाळून संपलं की जुने टायर पेटवतात. अन् नानांना दमा आहे.

आज पहाटे आईनं व्हिडिओ कॉल लावला. नाना बांधावर बसून धापा टाकत होते.

मी म्हणालो, "नाना, ते टायर विझवा आधी. डॉक्टर काय बोलले होते?"

"तू तिकडं दिवसभर कोळसा जाळतो, ते चालतं व्हय रे?" नाना म्हणाले.

नानांचं खोटं नव्हतं. आमचे इंजिनिअर साहेब सांगत होते, धुराची काजळी माणसाच्या छातीत जाते, अन् त्यातलाच न दिसणारा गॅस वर साठून हवामान बिघडवतो. पाऊस अवेळी येतो तो त्यानंच. म्हणजे आम्ही इथं जाळतो, त्यानं तिकडं बाग जाते, अन् उरलेली वाचवायला नाना अजून जाळतात.

शेवटी आईनंच टायरवर माती टाकली. नाना तिच्याशी बोलत नाहीत.

पहाटे ठिबकनं पाणी सोडलं तरी बागेत ऊब राहते, पण तेव्हा लाईट नसते. उद्याही थंडी आहे. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी सांगा, धुराशिवाय तुम्ही काय करता? माझं नाना ऐकत नाहीत, बागवाल्याचं ऐकतील.