त्या उन्हाळ्याची चांदी

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरचा सोमवार. हजर: दातांचे डॉक्टर सूर्यवंशी, त्यांच्या दवाखान्यातली मदतनीस मी आणि शेजारचे लेथवाले रशीदभाई. काम: गोळ्या फोडणे.

डॉक्टर किडलेल्या दाढेत चांदी भरत, म्हणजे चांदीची भुकटी पाऱ्यात खलून केलेला लगदा. उरलेल्या लगद्याची हरभऱ्याएवढी गोळी करून ते ती पाण्याच्या बाटलीत ठेवत आणि बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावत. वर्ष-दीड वर्षाने रशीदभाईंच्या लोखंडी शिकंज्यात धरून दाबत. म्हणत, "नवी चांदी सगळीच कडक असते, मंदाबाई. जुनी झाली की खरं बोलते."

लोह्याहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी बाटल्या पाहून विचारलं, "कडक झाली की हो एका दिवसात. आता काय लगीन लावून देता का तिचं?"

डॉक्टर म्हणाले, "लावलं की तुमच्या दाढेशी. नांदते का ते बघून राहिलो."

त्या सोमवारी पहिल्या गोळ्यांना रशीदभाईंनी शिकंज्याचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला, तेव्हा कुठे त्या फुटल्या. मग आदल्या वर्षीच्या दुष्काळी उन्हाळ्यातली गोळी लावली. एका हाताच्या जोरानेच भुगा झाला. दुसरीचाही. तिसरीचाही.

"डॉक्टरसाब, ये तो शक्कर हो गई."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "त्या उन्हाळ्यात लगदा कशावर मळला?"

मी खरं सांगितलं. मळायचा रबरी तुकडा प्रत्येक वेळी धुवावा लागे. टँकर चार-चार दिवस येत नसे. रोगी चूळ भरायला घरून तांब्या आणत. पाणी वाचवायला मी लगदा उघड्या तळहातावर मळला होता. लाइट नसे, पंखा बंद, हाताला घाम.

"घाम मुरला. अशी चांदी आतून फुगते, भुसभुशीत होते. वरून चकाकतच राहते."

"माझी चूक, डॉक्टर."

"हाव. अन् मी बघितलं न्हाई, ती माझी. आता दाढा चिरायच्या आत माणसं बोलवा."

नोंदवहीतून मी त्रेचाळीस नावं काढली. पत्रं टाकली, एसटीच्या कंडक्टरांकडे निरोप दिले. येईल त्याला डॉक्टर आधी सांगत, "आमच्या हातून चुकलं. बसा, बदलून देतो." दोघांच्या दाढा तोवर उभ्या चिरल्या होत्या. त्या काढल्या, त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये डॉक्टर हृदयविकाराने गेले. आदल्या दिवशीही विचारलं होतं, "किती राहिले?"

"एक."

सखुबाई, निलंग्याजवळचं खेडं, डावीकडची खालची दाढ. मी दोनदा जाऊन आले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बिदरकडं गेले कामाला, आले न्हाईत. जाताना गाल लई सुजला होता तिचा."

बेचाळीस नावांपुढे खूण आहे. बिदरला अजून जायचं आहे.