ड्रायव्हरसकट

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बाजारात प्लगकाका म्हणून ओळखला जातो. कुणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला की आधी सगळ्या वायरी उपसतो. ज्या हार्ड डिस्कला हात लावायचा नाही ती काढून स्वतःच्या पिशवीत ठेवतो, पिशवी मांडीवर घेतो आणि मगच कामाला बसतो. गिऱ्हाइकं त्याची टिंगल करतात. आम्हालाही पिशवीत ठेवा म्हणजे निश्चिंत व्हाल, असं एकाने तोंडावर ऐकवलं होतं. दादा ऐकून घेतो. माझं मात्र डोकं फिरतं, कारण त्याची ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे.

मुळात तो असा नव्हता. शीळ घालत मशीन उघडायचा आणि शीळ संपायच्या आत बंद करायचा.

मग एका वर्षी नव्या धर्तीची मशिनं आली आणि सगळ्या दुरुस्तीवाल्यांची पंचाईत झाली. ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी घातली की निळ्या पडद्यावर ओळ यायची, हार्ड डिस्क सापडली नाही. हार्ड डिस्क तर शेजारीच गरगरत असायची! पण तिच्याशी बोलायचं कसं हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या सीडीत नव्हताच. पूर्वी तो फ्लॉपीवरून देता यायचा, आता मशिनाला फ्लॉपीची खाचच नव्हती. दादाने सीडीतलं सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवलं, त्यात ड्रायव्हर बसवले आणि नवी सीडी बनवली. पाच सीड्या वाया गेल्या. सहावीला हार्ड डिस्क दिसली तेव्हा तो घरी येऊन आईच्या पाया पडला, जणू परीक्षाच पास झाला होता.

मग एका शाळेचं काम आलं. चाळीस कोरी मशिनं. प्रत्येकापुढे बसून तीच तीच उत्तरं कोण देणार? त्याने आणखी एक सीडी बनवली आणि सगळी उत्तरं तिच्यातच लिहून ठेवली. डिस्कवरचं सगळं पुसू का, या प्रश्नाचंही. हो, पूस. सीडी घालायची आणि चहाला जायचं.

दोन्ही सीड्यांवर त्याने मार्करने एकच शब्द लिहिला, ‘ड्रायव्हरसकट’. ज्यासाठी आठवडाभर रक्त आटवलं होतं तेच लिहावंसं वाटलं. दुसरी सीडी न विचारता पुसते, हे लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी तेव्हा रक्तपेढीत होते. एका दुपारी समोरच्या इस्पितळातून फोन आला. बाळंतपणाला आलेली एक बाई, रक्तस्राव थांबेना, आणि रक्तगट लाखात एखाद्याचा. असं रक्त आम्ही साठवून ठेवत नव्हतो, देणाऱ्यांची यादी ठेवत होतो. सात माणसं. यादी कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर सकाळपासून चालू होऊन आपला आपण बंद पडत होता. छापील यादी दोन वर्षांपूर्वीची. त्यातले चार नंबर लावून पाहिले, एकही लागला नाही. उरलेले तिघं त्या यादीत नव्हतेच.

मी दादाला फोन लावला. तो गावाबाहेर कामावर होता. म्हणाला, दुकानातल्या खणातली ड्रायव्हरसकट सीडी घे. ती हार्ड डिस्क ओळखेल, मग दुरुस्तीचा पर्याय देईल, तो निवड. फायलींना धक्का लागणार नाही. दुकान रक्तपेढीच्या मागच्याच गल्लीत आणि एक किल्ली माझ्याकडे असायची. मी धावत गेले, खणात वर होती ती सीडी उचलली आणि धावत परत आले.

शाळेची सीडी त्याच सकाळी परत आली होती. दादाने ती स्वतःच खणात टाकली होती. हे त्याला आठवलं परतीच्या वाटेवर, स्कूटरवर. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने मला फोन लावला. फोन लागेना, मी इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलत होते. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घाईत स्कूटरला किक बसेना, असं तो नंतर म्हणाला. सिग्नल बिग्नल काही न बघता तो आला.

दारातूनच त्याने पडदा पाहिला. फॉरमॅट, अडतीस टक्के. त्याने भिंतीतला प्लग ओढला तो बोर्डासकट हातात आला. मग तो खालीच बसला. म्हणाला, "मी मारलं गं तिला."

मी त्याला उठवलं. हार्ड डिस्क काढून आम्ही दुकानात नेली, दुसऱ्या मशिनाला जोडली आणि पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम लावला. अडीच तास आम्ही त्या पडद्यासमोर बसलो. डॉक्टरीणबाईंचे दोन फोन आले. तिसरा आला नाही, आणि तो येत नव्हता तेव्हा मला जास्त भीती वाटली.

साडेचारला यादी सापडली. पाचव्या माणसाने फोन उचलला आणि तो तसाच निघाला. बाई वाचली, बाळही वाचलं. रक्तपेढीच्या साहेबांनी चौकशी केली तेव्हा दादा हात जोडून म्हणाला, चूक माझी, बहिणीला काही बोलू नका. माझी नोकरी राहिली.

याला चौदा वर्षं झाली. शीळ बंद झाली ती झालीच. अजून झोपेतून दचकून उठतो, वहिनी सांगते. परवा माझ्याकडे आला होता, पुन्हा तोच विषय. "अडतीस झाले होते. मी दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर ती बाई इतकी मरणाच्या दारात गेली नसती."

मी एक टक्का असताना पाहिलं होतं. फॉरमॅट म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. प्लगकडे हात नेला होता, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यादी मिळतेय ना? माझ्या तोंडून निघून गेलं, मिळतेय, दहा मिनिटं. त्या पुढे बोलत राहिल्या आणि मी हो हो म्हणत राहिले. आताच दिलेला शब्द मागे घ्यायची माझी छाती झाली नाही. दुरुस्तीचाच भाग असेल, दादाची सीडी आहे, असं स्वतःला समजावत मी आकडा चढताना बघत बसले.

"जाऊ दे ना दादा," मी म्हटलं आणि त्याचं ताट वाढलं. तो मान खाली घालून जेवला. तेव्हाही मी बोलले नाही.