थर्मोस्टॅटमधले दोन सेल

एसीवरून माझी आणि बाबांची रोज लढाई व्हायची आणि रोज तेच जिंकायचे. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून सिंगापूरला आणलं. इथल्या चिकचिकीत एकदा लिफ्टपाशी त्यांना चक्कर आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुपारची खोली गार ठेवा. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. पण आम्ही नवरा-बायको ऑफिसला निघालो आणि दार लागलं, की एसी बंद. "मला नाही सोसत ती हवा," हे वर.

शेवटी नवऱ्याने त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक थर्मोस्टॅट लावला. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, आत दोन सेल. खोली तापली की तो आपणहून एसी चालू करायचा आणि तापमान माझ्या फोनवर दाखवायचा. बाबांना मी एवढंच सांगितलं की हे एसीचं काहीतरी आहे. फोनचं बोलले नाही, उगाच वाद नको.

मग मला त्या आकड्याचं वेडच लागलं. टॅम्पिनीस स्टेशनला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढले की बघायची, मीटिंगमध्ये टेबलाखाली बघायची. सव्वीस दिसले की जिवात जीव यायचा. सव्वीस म्हणजे बाबा ठीक. खोलीच्या तापमानाचा आणि माणसाच्या ठीक असण्याचा काय संबंध, ते मला विचारू नका. आई गेली तेव्हा मी इथेच होते, शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं. तेव्हापासून मला सतत भीती वाटते, इतकंच.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर आकडाच नाही, नुसत्या दोन रेघा. जरा थांबून परत पाहिलं. परत रेघा. बाबांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. नवरा कामासाठी जकार्ताला गेला होता, त्याला विचारलं.

"अगं, सेल संपले असतील," तो म्हणाला.

सेल मी नुकतेच बदलले होते, नवे कोरे.

साहेबांना काय कारण सांगितलं आठवत नाही. पर्स उचलली आणि निघाले. गाडीत बसायला जागा होती तरी दाराशी उभीच राहिले, उभं राहिल्याने गाडी लवकर पोचणार असल्यासारखी. दर स्टेशनला फोन लावत होते. मनात नको नको ते येत होतं. बाथरूममध्ये पडले असतील. पुण्याच्या सवयीने दाराला आतून कडी घातली असेल, मग आत कसं जायचं? मध्येच त्यांचा रागही येत होता. एसी तेवढा चालू ठेवा म्हटलं तर काय बिघडतं या माणसाचं?

कडी नव्हती. किल्लीने दार उघडलं तर बाबा हॉलमध्ये सोफ्यावर, पंख्याखाली. शर्टाची एक बाही दंडापर्यंत सारलेली.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

मला रडू यायला हवं होतं, तर तोंडातून ओरडणं निघालं. "फोन कुठाय तुमचा?"

"आत चार्जिंगला लावलाय. पंख्याच्या आवाजात नाही ऐकू आलं."

खोलीत गेले. थर्मोस्टॅटचं झाकण पलंगावर आणि आत सेलची जागा रिकामी. "बाबा, यातले सेल?"

"मी काढले. तो डबा नुसता भिंतीवर बसून असतो. मला दोन हवे होते."

आमच्या घरात हे पहिल्यापासून असंच. घड्याळाचे सेल रिमोटला, रिमोटचे टॉर्चला, आणि टॉर्च लागेल तेव्हा अंधार. बाबांचा रेडिओ माझ्या डोळ्यांसमोर आला. "त्या रेडिओसाठी माझा जीव टांगणीला लावलात!"

मी हॉलमध्ये परत आले. सोफ्यावर धपकन बसले, तर त्यांच्या बाजूच्या उशीखालून एक रबरी नळी डोकावत होती. उशी उचलली. खाली बीपीचं मशीन. किल्लीचा आवाज ऐकून घाईघाईने दडवलेलं.

"सकाळपासून जरा गरगरत होतं," बाबा म्हणाले. "बघावं म्हटलं, तर याचे सेल उतरलेले. चारातले दोन बदलले, दोन अजून चालताहेत."

"मला फोन का नाही केलात?"

"तू ऑफिसात. उगाच धावत आली असतीस."

मी घामाने निथळत त्यांच्यासमोर बसले होते. पट्टा बांधून पुन्हा मोजलं. बरंच जास्त होतं. तशीच त्यांना खालच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि आठवडाभर रोज मोजा म्हणाले. परतताना मी बाबांना फोनवरच्या आकड्याचं सांगून टाकलं.

"म्हणजे दिवसभर तू ती खोली बघत बसतेस?"

"हो."

"अगं, खोलीला काय धाड भरणार आहे?"

आम्ही दुकानातून सेलचं मोठं पाकीट घेतलं. घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून सगळे सेल स्वतः बसवले, थर्मोस्टॅटचे आणि मशीनचेही.

आता रोज जेवणाच्या सुट्टीत मी फोन करते. उचलताच ते बातम्या दिल्यासारखं सांगतात, "खोली सव्वीस. मी एकशे पस्तीस." मी हसते, तेही हसतात. खोलीचे सव्वीस मला फोनवर दिसतच असतात. एकशे पस्तीस मात्र ते सांगतील तेच खरं, आणि मी ऑफिसात असते.