घड्याळामागचं पाकीट

लॉरेन ग्रँथमच्या घरात खिडकीचं पाकीट आलं की ते घड्याळामागे जायचं. खिडकीचं म्हणजे ज्याच्या पोटावरच्या पारदर्शक कागदातून नाव-पत्ता दिसतो ते. गॅसवाल्यांचं, नगरपालिकेचं, बँकेचं. असलं पाकीट आनंदाची बातमी घेऊन येत नाही, हे इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण लॉरेनच्या घरची रीत भीतीतून आलेली नव्हती. तिचा बाप मासेमारीच्या बोटीवर होता, तीन-तीन आठवडे आइसलंडकडच्या समुद्रात. तो नसताना आलेली पत्रं तिची आई शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाच्या मागे सारून ठेवायची. बाप बंदराला लागला, हिशेब होऊन पैसे हातात आले, की रविवारी जेवणानंतर तो पत्रं फोडायचा. त्याआधी फोडून करायचं काय, पैसे तर समुद्रात. पुढे बोटी बंद झाल्या, बाप गेला, लॉरेनचा नवरा दुसरीकडे नांदायला गेला, आणि पाकिटं घड्याळामागे जातच राहिली. फोडायला कोणी बंदराला लागत नव्हतं, एवढाच फरक.

या घरातली पहिली पदवीधर म्हणजे टेसा. लॉरेनची एकुलती एक. विषय इतिहास, वर्ग पहिला. शेवटच्या वर्षाला तिने प्रबंध लिहिला तो दीडशे वर्षांपूर्वी खलाशांच्या बायकांनी लिहिलेल्या पत्रांवर. ओल खाल्लेले, शाई उडालेले कागद ती भिंग लावून वाचायची, कोणत्या बाईने कोणता शब्द खोडून कोणता लिहिला ते सांगायची. तिच्या सरांनी म्हटलं होतं की दुसऱ्याचं पत्र असं वाचणारं माणूस त्यांनी पाहिलं नाही. लॉरेन शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या ताटात वाटाणे वाढायची. तिने हे वाक्य सगळ्या शाळेला ऐकवलं.

पदवी घेऊन टेसा घरी आली आणि वर्षभर माशांच्या कारखान्यात पाव-चुरा लावलेले माशाचे तुकडे खोक्यात भरत राहिली. पहाटे सहा ते दुपारी दोन, आठवड्याला दोनशे चौऱ्याऐंशी पौंड, तेही कंत्राटदाराकडून. शेजारी पॉलीन उभी असायची, तिथे एकतीस वर्षं काढलेली.

"काय प्रोफेसरीणबाई," पॉलीन म्हणायची, "पदवी दाखवली तर मासा आपल्या पायांनी खोक्यात जातो का बघ जरा."

"बघितलं. तो म्हणतो पीएचडी लागते."

हसून हात चालवायचे, दुसरं काय.

आता टेसाच्या ओव्हरड्राफ्टचं सांगायला हवं. टेसा अठरा वर्षांची असताना बँकेने तिचं विद्यार्थी खातं उघडलं आणि खात्यात नसलेले दोन हजार पौंड वापरायची बिनव्याजी मुभा दिली, तोच हा ओव्हरड्राफ्ट. वर रेल्वेचं सवलतीचं कार्ड फुकट. ज्या पोरीच्या आईला कुणी दोनशे पौंड उसने दिले नसते, तिला दोन हजार, का तर ती शिकते आहे. लॉरेनला वाटलं, हुशारीचं बक्षीस आहे. आणि बँकेची लबाडी अशी की फोनवर खातं उघडलं की किती देणं आहे ते बारीक अक्षरात, आणि "वापरता येतील" असा आकडा ठळक. टेसाच्या वयाची सगळीच मुलं तो ठळक आकडाच वाचतात, त्यालाच माझे पैसे म्हणतात. टेसाही म्हणायची. दुसऱ्यांची पत्रं भिंगातून वाचणारी पोर, पण ते बारीक अक्षर तिने कधी मोठं करून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बसला. बाहेर हिवाळ्याचा कडाका, नळाला बर्फासारखं पाणी. दुरुस्तीवाला म्हणाला, नवाच घ्या, सहाशे चाळीस.

"तुझ्याकडे आहेत एवढे?" लॉरेनने विचारलं.

"आहेत," टेसा म्हणाली.

आणि होतेच की, ठळक अक्षरात. लॉरेनने त्या माणसाला चहा पाजता पाजता दोनदा सांगितलं की हे लेकीच्या बचतीतून बरं का. टेसाने ते ऐकलं. त्या वेळी एक वाक्य बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण आईचा चेहरा इतका फुललेला होता की तिच्याने बोलवेना.

जुलैत डरहॅमच्या अभिलेखागाराचं उत्तर आलं. एकसष्ट अर्जांतून एक निवडला होता, तिचा. दोन वर्षं शिकाऊ म्हणून जुने कागद सांभाळायचे, नंतर कायम. पाच ऑगस्टला, सोमवारी, रुजू व्हायचं. पगार महिनाअखेर. खोलीही मिळाली, हेस्केथबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. भाडं साडेचारशे, अनामत साडेचारशे, नऊशे पौंड शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, नाहीतर रांगेत एक जोडपं उभंच होतं. टेसाने खोक्याच्या लेबलामागे गणित मांडलं. वापरता येतील आठशे चाळीस, शुक्रवारचा शेवटचा पगार दोनशे चौऱ्याऐंशी, झाले अकराशे चोवीस. खोलीचे नऊशे गेले की दोनशे चोवीस उरतात. पाव, बीन्स, चहा. महिना निघेल. लेबल तिने पॉलीनला दाखवलं आणि पॉलीनने चुऱ्याने माखलेल्या हाताने तिच्या पाठीत धपाटा घातला.

शुक्रवारी पॉलीनने केक आणला होता. दहाच्या सुट्टीत तो कापायच्या आधी टेसाने पगार जमा झाला का ते पाहिलं. जमा झाला होता. वापरता येतील: एकशे चोवीस.

आधी तिला वाटलं, पुढचा एक पडद्यावर उमटायचा राहिला. तिने खातं बंद करून पुन्हा उघडलं. मग कपाटांच्या खोलीत जाऊन बँकेला फोन लावला आणि फोन धरून ठेवायला लावतात तेव्हाचं संगीत बावीस मिनिटं सनईसारखं ऐकलं.

बँकेचा माणूस भला निघाला, हीच पंचाईत. ओरडायला जागाच ठेवली नाही त्याने. "पदवीनंतर एक वर्ष दोन हजारांची मर्यादा असते, मिस ग्रँथम. एक ऑगस्टपासून ती एक हजार झाली. पुढच्या ऑगस्टला शून्य, आणि त्यानंतर शेकडा चाळीस व्याज."

"मला कुणी कळवलंच नाही."

"ईमेल गेलेला दिसतोय इथे. युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर."

तो पत्ता युनिव्हर्सिटीने जानेवारीतच बंद केला होता.

"आणि वीस जूनला घरी पत्र गेलंय. सोबत फॉर्म होता. कमी उत्पन्न असलेल्यांना एक वर्ष मुदत वाढवून मिळते, तुम्ही त्यात बसत होतात. पंधरा जुलैपर्यंत भरून पाठवायचा होता."

"आज भरते ना मी. आत्ता."

"मुदत गेली," तो म्हणाला, आणि आणखी काही मदत करू का, असंही त्याने विचारलं.

केक तसाच टाकून ती घरी धावली. लॉरेन घरीच होती. शाळेला सुट्टी, म्हणजे तिला पगारही नाही. टेसाने घड्याळ बाजूला केलं. गॅस, पाणी, गॅस, आणि त्यांच्यामध्ये निळ्या कोपऱ्याचं एक, खिडकीत तिचं स्वतःचं नाव. तो निळा कोपरा तिने आधी पाहिला होता. जुलैत फळी पुसताना घड्याळ उचललं तेव्हा पाहिला होता आणि घड्याळ परत ठेवलं होतं. घड्याळामागचं काही आपलं नसतं, हे ती चालायला लागली तेव्हापासून शिकलेली.

"आई, हे कधी आलं?"

"आलं असेल. खिडकीचं होतं, म्हणून ठेवलं तिथे."

"माझं नाव आहे त्याच्यावर."

"मग? मी तुझी पत्रं फोडत नाही. कधी फोडली का?"

"फोडायची नव्हतीस. हातात द्यायची होतीस."

लॉरेनला काही समजत नव्हतं. "अगं पण एवढं काय झालं? तुझ्याकडे हजारभर आहेत ना? त्यातून दे त्या बाईला."

"ते माझे नव्हते, आई. कधीच नव्हते. बँकेचे होते, उधार."

लॉरेन खुर्चीच्या कडेवर बसली. तिने विचारलं, "मग बॉयलर?"

लॉरेनने आपली पर्स उघडून सगळ्या पैशांची थप्पी टेबलावर ठेवली. साठ पौंड होते. पुढचा पगार सप्टेंबरात. टेसाने ते तिच्याकडे परत सरकवले आणि तिला तेव्हा आईची कीव आली नाही, रागच आला. साठ पौंडांचा राग आला.

हेस्केथबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वाईट वाटतं हो, आणि खोली जोडप्याला दिली. मग टेसाने डरहॅमला फोन केला. तिथल्या मुख्य बाई, मिस ऑर्ड, मुलाखतीत तिच्याशी त्या बायकांच्या पत्रांवर तासभर बोलल्या होत्या.

"सोमवारी यायला जमणार नाही," टेसा म्हणाली. "घरगुती कारण आहे."

"आठवडाभर थांबू शकतो आम्ही. काही अडचण आहे का? राहण्याची, पैशाची? मोकळेपणाने सांगा."

इथे सांगायचं होतं. त्या बाई आपणहून विचारत होत्या. पण दार उघडं होतं, आणि स्वयंपाकघरात लॉरेन हातातलं फडकं तसंच धरून ऐकत उभी होती. टेसा म्हणाली, "नाही, नाही. पैशाचं काही नाही."

आठवड्याने काय होणार होतं? आठवडाभर कंत्राटदाराकडे राबलं तरी दोनशे चौऱ्याऐंशीच. नऊशे पौंड कुठून उगवणार होते? आठव्या दिवशी तिने डरहॅमला दोन ओळी लिहून नकार कळवला. एकसष्टांतला दुसरा कोणीतरी रुजू झाला.

ती पुन्हा लाइनवर उभी राहिली तेव्हा पॉलीनने सगळं काढून घेतलं तिच्याकडून. ऐकून झाल्यावर तिचे हात थांबले, आणि पॉलीनचे हात थांबलेले कुणी पाहिले नव्हते.

"माझ्याकडे डब्यात नऊशे आहेत, मूर्ख पोरी. माझ्या अंत्यविधीचे. मी काय या आठवड्यात मरणार होते?"

"मला काय माहीत तुमच्या डब्याचं."

"विचारायला जीभ झडली होती? दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांची दुखणी वाचता येतात तुला, स्वतःचं तोंड उघडता येत नाही." मग तिने खोकं ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता ऐक. आज दुसऱ्या बँकेत साधं खातं उघड, ओव्हरड्राफ्ट नको म्हणून सांग. पगार तिकडे. जुन्या खात्यात पगार टाकलास की ते गिळतात आणि तू पुन्हा त्यांच्याच तोंडातून काढून खातेस. किती देणं आहे? आठशे शहाहत्तर? भागिले बारा. महिन्याला त्र्याहत्तर तिकडे टाकायचे, पुढच्या ऑगस्टला शेवटचा हप्ता गेलाच पाहिजे. आणि ते जुनं कार्ड कापून टाक, कात्री देते मी."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझी काय पदवी नाही म्हणून मला देणी नव्हती का?"

टेसाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सप्टेंबरात त्र्याहत्तर, ऑक्टोबरात त्र्याहत्तर, नोव्हेंबरात त्र्याहत्तर. देणं उतरत होतं आणि तिला त्यात तिळमात्र आनंद होत नव्हता.

घरात एक बदल झाला. लॉरेन आता काहीही आलं की दारातच टेसाच्या हातात द्यायची. गॅसचं पाकीट, पिझ्झाची जाहिरात, शेजारच्यांचं चुकून आलेलं कार्डसुद्धा. "आलंय," एवढंच म्हणायची. घड्याळामागे आता नुसती भिंत होती.

आणि तिने बॉयलर लावणं बंद केलं. टेसाच्या हे लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला. एका रविवारी दुपारी ती खोलीतून खाली आली तर लॉरेन कोट घालून, पायांवर रग ओढून टीव्हीसमोर बसलेली.

"आई, बॉयलर का नाही लावला?"

"थंडी कुठे आहे एवढी."

"तुझे ओठ निळे पडलेत. लावते मी."

"नको म्हटलं ना." लॉरेनने टीव्हीवरची नजर हलवली नाही. "किती राहिलेत तुझ्या बँकेचे?"

"सहाशे सत्तावन्न."

लॉरेन बोटांवर काहीतरी मोजत राहिली. शाळेत मुलांची ताटं मोजते तशी, ओठ हलवत.

"म्हणजे बॉयलरच्या सहाशे चाळीसला अजून हातही लागलेला नाही," ती म्हणाली, आणि रगाचं दुसरं टोक उचलून तिने टेसाला बसायला जागा केली.