रेडिएटरमधली हळद

आमचं स्वयंपाकघर आणि आमची जीप यांची पार सरमिसळ झाली होती. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की खाण्याचा सोडा माझ्या डब्यातून जायचा. डिझेलची टाकी पाझरली की अंगाचा साबण मळून भेगेत बसवायचा. पावसात काचेवर अर्धा बटाटा चोळायचा, पाणी धरत नाही. तो चोळलेला बटाटा धुऊन भाजीत टाकावा का, असंही एकदा माझ्या मनात आलं होतं. हसू नका, खरंच आलं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ह्यांची काळी-पिवळी धरणगाव ते जळगाव सीटा भरायची. लाइनीवर नव्या जीपा आल्या तशी आमची मागे पडत गेली आणि मी घरात काटकसरीचा सपाटा लावला. तुरीचं वरण ज्वारीचं पीठ लावून दाट करायचं. कच्च्या केळीच्या सालींची चटणी वाटायची. कालच्या भाकरी ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी. शेजारणी विचारायला यायच्या आणि मी त्यांना शहाणपण शिकवायची. काय तोरा होता माझा, बाई!

रेडिएटर गळायला लागला तेव्हा ह्यांनी त्याच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली. हळद फुगते, बारीक छिद्रात बसते आणि गळती थांबते. ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय. "चिमूटच टाकायची," ते म्हणाले होते, "जास्त झाली तर पाणी फिरत नाही." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मग धुळ्याहून माझ्या भावाचा निरोप आला. तिथल्या एका सरकारी कचेरीत ड्रायव्हरची कायमची जागा निघाली होती. ठरल्या दिवशी सकाळी अकराच्या आत कागद घेऊन हजर व्हायचं, गाडी चालवून दाखवायची. ह्यांची वयाची अट त्याच महिन्यात संपत होती. त्यानंतर सरकारी नोकरी नाहीच. हे म्हणाले, "एसटीने जातो." मी खेकसले, "डोकं फिरलंय का? जीप न्या. एरंडोल-पारोळ्याच्या सीटा मिळतील, वर तिकीट वाचेल." माझ्यापुढे कोणाचं काय चालणार!

त्या सकाळी हे आंघोळीला गेले आणि मला जीपखाली पाण्याचा ओघळ दिसला. आजच्या दिवशी तरी गळू नये म्हणून मी बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि डब्यात होती तेवढी हळद आत ओतली. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी हात आखडला नाही.

पारोळ्याच्या पुढे जीप तापली, वाफा सुटल्या आणि इंजिन जाम झालं. सीटा उतरून दुसऱ्या गाडीने गेल्या. हे ट्रकला हात करत करत धुळ्याला पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. यादी बंद झाली होती.

दोन दिवसांनी जीप ओढून आणली. मिस्त्रीने दारातच रेडिएटर खोलला. मी दोघांना चहा घेऊन गेले. नळ्यांमधून पिवळा चिखल निघत होता, संपता संपत नव्हता.

मिस्त्री वैतागला. "इतली हयद कोनी टाकी, भाऊ? अक्कल शे का नई?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच टाकी," म्हणाले.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी विचारलं, "साखर पुरे ना?"

पुढे हे मरेपर्यंत लोकांच्या गाड्या हाकत राहिले, मिळतील तेव्हा. त्या सकाळबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. आता सांगायचं ठरवलं तरी ऐकायला कोण आहे?