ताटीअक्का आणि मागची सीट

ताटीअक्का एकदा दिलेला माल परत घ्यायची नाही. "वाईट आसंल तर दाखवा, तुमच्या म्होरं जाळते. उगं परत न्ये म्हणू नका," असं तोंडावर सांगायची. आमच्या मन्नाएखेळ्ळीत, उन्हाळ्यात खिडकीला लावून पाणी मारायच्या वाळ्याच्या ताट्या विणणारी ती एकटीच. खरं नाव मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

वाळ्याचं एकेक मूळ ती बोटातून ओढून बघायची. ताटी झाली की पाणी मारून वाऱ्याला धरायची आणि मागं आपला गाल न्यायची. "गालाला कळतं, डोळ्याला न्हाई," म्हणायची. कचेरीवाले, डॉक्टर, सगळे तिच्याच ताट्या लावायचे.

मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण मोटार मला कुणी शिकवू नये. हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं, तेव्हा मी एका जमीनदाराची मोटार चालवायचो. त्या घरात गोषा होता. बायका मागच्या सीटवर, आणि मागच्या खिडक्यांना आतून जाड तांबडे पडदे. मालकानं उन्हाळ्यासाठी चारी खिडक्यांना अक्काकडून अर्ध्या उंचीच्या ताट्या करून घेतल्या. त्यांना पाणी मारून निघायचं. पुढं मालक गारव्यात डुलक्या घ्यायचे आणि मागं बायका उकडून निघायच्या.

एकदा गुलबर्ग्याच्या वाटेवर मालकाच्या म्हाताऱ्या आई मागं बेशुद्ध पडल्या. पाणी शिंपडून शुद्धीवर आणलं. मालकानं बाजारभर सांगितलं, अक्कानं मागच्या ताट्यांत साधं गवत घातलं. कचेरीवाल्यांनी तिला यंदा नको म्हणून निरोप धाडले. डॉक्टरांनीही.

तिसऱ्या दिवशी अक्का मालकाच्या पायरीवर येऊन बसली. मालक म्हणाले, तुझा माल उचल आणि चालती हो. ती जागची हलली नाही. म्हणाली, मला मागं बसवा आणि गाडी पळवा. तिला सीटवर बसवायचं मालकाच्या जिवावर आलं होतं, पण दारात माणसं गोळा झाली होती.

तिनं आधी पुढच्या ताट्या मागं लावायला लावल्या, मागच्या पुढं. सगळ्या एकाच मापाच्या. मालक पुढं बसले, अक्का मागं, आणि पाणी मारून मी निर्ण्याच्या रस्त्याला गाडी काढली. पुढं पहिल्यासारखंच गार, मागं पहिल्यासारखाच उकाडा. येताना अक्कानं दोन्ही पडदे सरकवून दोरीनं बांधून टाकले. माझ्या मानेवर मागून गार झुळूक आली.

दारात उतरल्यावर ती म्हणाली, "मालक, ताटी माझी खोटी न्हाई. पडदा तुमचा खोटा हाय. वारं आडवून ठिवायलंय."

मालक म्हणाले, मला काही फरक कळला नाही. मग माझ्याकडं वळले. "तू रोज चालवतोस. सांग सगळ्यांना, गवत हाय का न्हाई?"

माझी रोटी त्यांच्या हातात होती. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदरानं गाल पुसत उभी राहिली.

मी म्हणालो, "गवत न्हाई मालक. पडदा हाय."

मालकानं हात पुढं केला. मी किल्ली ठेवली. पाया पडलो नाही.

वाटेत अक्का एवढंच म्हणाली, "कामून रं अण्णा, तोंड पाडून चालायलास? तू काय चोरलास?" मी मान वर केली, ती आजपर्यंत खाली घातली नाही. पुढं मला मालमोटारीचं काम मिळालं. अक्काकडं कचेरीवाले परत आले. जे तेव्हा आले नाहीत त्यांना तिनं पुन्हा कधी ताटी दिली नाही, नंतर दारात आले तरी.

त्याच उन्हाळ्यात हमरस्त्यावर ती मोटार समोरून आली. ड्रायव्हर नवा. मागचा एक पडदा बांधून वर केलेला, आणि ताटीला गाल लावून मालकाच्या आईसाहेब बसलेल्या. मी हे अक्काला सांगितलं. ती वाळा निवडत होती. "म्हातारीला कळलं," म्हणाली आणि निवडत राहिली.

अक्का जाऊन खूप वर्षं झाली. परवा नातवाच्या गाडीत पुढं एसी गार, मागं उकाडा. तो एसीत गॅस भरून घ्यायला निघाला होता. मी म्हणालो, थांब. मागं बसलो, हवा येते तिथं गाल नेला. पुढच्या दोन सीटच्या मधे, हवेच्या वाटेतच सामानाची चळत रचलेली होती. ती मी स्वतः उतरवली. नातू म्हणाला, आजोबा, तुम्हाला एसीतलं काय कळतं?

मी गाल परत तिथं नेला. आता गार लागत होतं. तसाच बसून राहिलो.