मोठ्या आत्याचं सोयीचं बहिरेपण

माझ्या मोठ्या आत्याला कमी ऐकू येतं हे खरं, पण ती सांगते तितकं कमी नाही. कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर तिचा जन्म गेला. त्या मशीनने कान नेले आणि कानामागच्या इवल्याशा मशीनने ते अर्धेमुर्धे परत दिले. या दुसऱ्या मशीनला एक बटण आहे. नको तो विषय निघाला की आत्या केस सारखे केल्यासारखं करते आणि ते दाबते. मग तुम्ही खुशाल बोलत बसा, ती त्या गावचीच नाही.

घर दोन खोल्यांचं, मधे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडे धाकटी आत्या. दोघींत विस्तव जात नव्हता, पण बाहेरचं दार मात्र एकच. एकीची कडी वाजली की दुसरी आत खोळंबून राहायची. एक खोकली तरी दुसरीकडे ऐकू जाई. मी गेलो की दोन्हीकडे सारखा वेळ बसायचो आणि गुदमरून बाहेर पडायचो.

भांडणाचं कारण चर्चच्या सगळ्या मंडळीला तोंडपाठ होतं. आजी शेवटच्या आजारात होती तेव्हा धाकटी परगावी शिक्षिका होती. निरोप पाठवूनही ती आईच्या मातीला आली नाही, असं मोठीने चर्चमध्ये उभं राहून रडत सांगितलं होतं. निरोप मिळालाच नाही, असं धाकटी म्हणायची. कोण विश्वास ठेवणार? नोकरी संपल्यावर ती घरी परतली. रविवारी बायका तिला बाकावर जागा करून देत, पण जरा जास्तच सरकून. शेवटी तिने चर्चला येणं सोडलं.

मोठी मात्र न चुकता जायची. तिच्या एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला मी. प्रभुभोजनाआधी शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायचा असतो, तो मला देऊन ती मोकळी व्हायची. उपदेशात क्षमा, कबुली, सत्य असं काही आलं की तिचा हात केसांकडे. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? मला वाटायचं, ही बहिणीवरचा राग कुरवाळत बसली आहे. भारी चीड यायची.

एका रविवारी शास्त्रपाठ वाचणाऱ्या मास्तरांचा घसा बसला. पाळकबाईंनी मोठ्या आत्याला पुढे बोलावलं, कारण तिचा आवाज खणखणीत. उठता उठता तिने सवयीने केस सारखे केले, हे मी पाहिलं. पण आपला आवाज आपल्याला आतूनच ऐकू येतो, त्याला बटण नसतं.

पाठ अर्पणाचा होता. वेदीपाशी आल्यावर आठवलं की आपण कुणाला दुखावलं आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आत्या तिथे थांबली. तीच ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी अगदी हळू. मग पुस्तक उघडं टाकून ती खाली उतरली आणि तडक बाहेर पडली. घर समोरच होतं. मी मागोमाग धावलो.

धाकटी आत्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"निरोप मी पाठवलाच नव्हता," दारातच मशीनचं बटण पुन्हा दाबून मोठी म्हणाली. "आई सारखं तुझंच नाव घेत होती. शेवटी तरी ती माझी एकटीची असावी असं वाटलं."

धाकटीने हातातली घडी पुरी केली.

"हे मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "निरोप आला नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना जाऊन सांग."

आता उपासना संपत आली असेल, पुढच्या रविवारी बघू, असं मीच मधे बोललो. मला ते सगळं टळायला हवं होतं.

"पुढच्या रविवारी मला पुन्हा ऐकू येणार नाही," मोठी म्हणाली आणि निघाली.

शेवटचं गीत संपत होतं. तिने पुढे जाऊन सगळं सांगितलं, एकदाही न रडता. पुष्कळ बायका जमिनीकडे बघत राहिल्या. पाळकबाईंखेरीज कुणी तिला हात दिला नाही. धाकटी दारात येऊन उभी होती. सगळं ऐकून ती परत फिरली.

मला भाबड्याला वाटलं, आता घरी गळाभेट होणार. कसली गळाभेट! दोघी आपापल्या खोलीत, पार्टिशन जागच्या जागी. मी मोठीजवळ बसून राहिलो. जेवायलाही कुणी उठलं नाही. दुपारी पलीकडून आवाज आला.

"मशीन चालू आहे का?"

"आहे."

"मग ऐक."

आणि धाकटीने सुरुवात केली. परक्या गावी, माती उरकल्यावर कळलेली बातमी. सरकून दिलेली बाकं. बाजारातल्या कुजबुजी. आवाज न चढवता ती बोलतच राहिली. मोठी खाटेच्या कडेवर ताठ बसून होती. मधेच तिचा हात केसांकडे गेला. पण केस खरंच सुटले होते. ते तिने मशीनवरून बाजूला सारले आणि हात परत मांडीवर ठेवला.